सोनटक्का रंगवताना ट्यूबमधला पांढरा चालेल का?

खळ्यातला (धागाकर्ता):
परवा वेंगुर्ल्याला आमच्या पडवीत तांब्याच्या कळशीत सोनटक्क्याचे चार दांडे ठेवून जलरंगात चित्र केलं. शेजारचा पोरगा बघून म्हणाला, "पांढरा कुठे लावलास?" कुठेच नाही! जलरंगात पांढरा म्हणजे कागद. पाकळी रंगवायचीच नाही, तिच्या मागची हिरवी पानं रंगवायची. पाकळी आपसूक पुढे येते. तिची सावलीसुद्धा राखाडी नसते. पानाकडची बाजू हिरवट, कळशीकडची तांबूस. वरून पांढरा थापला की हे सगळं संपलं, फूल चुना काढलेल्या भिंतीसारखं दिसतं. माझ्या लेखी ती चोरीच.

पागोळी:
चोरी? देवगडला या भाद्रपदात. पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ हात, अर्धा तास ओलाच. घाई करून दुसरा दिला की पाणी मागे सरकतं आणि कोबीच्या गड्ड्यासारखे डाग फुलतात. थांबावं, तर फूल थांबत नाही. संध्याकाळी उमललेला सोनटक्का दुसऱ्या दिवशी मान टाकतो. मास्किंग फ्लुइड, म्हणजे पांढरा भाग झाकायचा आणि नंतर ओढून काढायचा रबरी द्रव, लावा म्हणाल. लावलं होतं. दमट कागदावरून ओढताना ३०० जीएसएमच्या जाड कागदाची सालं निघाली! तेव्हापासून शेवटी बारीक ब्रशने पांढरा लावते आणि शांत झोपते.

दशावतार:
झिंक ऑक्साइडचा 'चायनीज व्हाइट' विन्सर अँड न्यूटन या रंगांच्या कंपनीने १८३४ साली आणला, तो जलरंगवाल्यांसाठीच. मग चोरी कसली? आणि आमच्या सावंतवाडीच्या गंजिफा, हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, अपारदर्शक रंगांतल्याच ना?

खळ्यातला:
गंजिफाचं घराणं वेगळं. तिथे सगळेच रंग अपारदर्शक, त्यात पांढरा उपरा वाटत नाही. माझी तक्रार पारदर्शक रंगांत अपारदर्शकाची भेसळ करण्याबद्दल आहे. तुमच्याच सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर घ्या. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातली त्यांची दिवा धरलेली बाई जलरंगात आहे. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड बघा, मग बोलू.

पागोळी:
त्यात पांढरा आहे की नाही, हे काचेबाहेरून ओळखलंत? बरं. सोनटक्क्यातून तो एक लांब केसर बाहेर येतो ना, मागे गडद पान असताना तो कागद राखून कसा काढता, तेवढं सांगा.

खळ्यातला:
ब्लेडने खरवडून. त्याला कागद खडखडीत सुकलेला लागतो, आणि इकडे तो सुकत नाही हे खरं. गेल्या पावसाळ्यात दोन चित्रं फाडून बसलो. केसरापुरता पांढरा मान्य. पाकळीला नाही म्हणजे नाही.

वळेसर:
पावसातल्या फुलावरना कित्याक भांडतास? शिमग्याच्या सुमाराक सुरंगी रंगवा. कागद घटकेत सुकता. आणि पिवळ्या केसरांचो झुबको इतको मोठो, की पांढऱ्याचो प्रश्नच येना नाय.

नवशिकी:
मधेच विचारते. माझ्या कागदांवर तपकिरी ठिपके आलेत आणि रंग टीपकागदासारखा शोषला जातो. ब्रश बदलू का?

पागोळी:
ब्रशचा दोष नाही गं. ठिपके बुरशीचे, आणि दमट हवेने कागदाचं साइझिंग, म्हणजे रंग शोषू न देणारी खळ, गेलंय. त्यावर पेन्सिलची स्केचेस कर. नवे कागद हवाबंद पिशवीत ठेव, आत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाक. पुड्यांसाठी नव्या बुटांचे खोके धुंडाळ, आमच्या घरात त्या कोणी फेकत नाही.