डिफमध्ये न दिसणारे कारण
कमिटचा (गिट या साधनात कोडमधील बदलाची जी नोंद होते तिचा) संदेश सविस्तर लिहिण्यात वेळ दवडू नये, कारण बदल डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधील फरकात, दिसतोच, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. काय बदलले ते डिफ सांगतो; का बदलले आणि सोपा दिसणारा दुसरा मार्ग का सोडला, हे तो सांगत नाही. मी एकदा पुनर्प्रयत्नांमधील विलंब २ सेकंदांवरून ५ सेकंद केला आणि संदेशात केवळ ‘दुरुस्ती’ असे लिहिले. वर्षभराने हा विचित्र आकडा कोणी टाकला हे पाहण्यासाठी ‘गिट ब्लेम’ चालवले, तेव्हा माझेच नाव समोर आले आणि कारण मात्र मलाही आठवेना.

लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिले ते लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या) कामासाठी, जिथे पॅच, म्हणजे सुचवलेले बदल, ईमेलने पाठवले जातात आणि परीक्षकाला पटवून देण्याचे काम बव्हंशी संदेशालाच करावे लागते. शिवाय दोष कोणत्या कमिटमुळे आला हे शोधणारी ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा शोधाची व्याप्ती दर वेळी निम्मी करत जाते, त्यामुळे सुमारे १००० कमिटांतील दोषी कमिट साधारण १० चाचण्यांत सापडतो. पण तो ४० फाइलींना हात लावणारा असेल आणि त्यावर ‘किरकोळ बदल’ एवढेच लिहिलेले असेल, तर खरा शोध तिथूनच सुरू होतो.

संदेशात तिकिटाचा (कामाची किंवा दोषाची वेगळ्या प्रणालीत केलेल्या नोंदीचा) क्रमांक दिला की पुरे, हेही मी मानत नाही, कारण तिकिटांची प्रणाली बदलली की जुने दुवे निकामी होऊ शकतात, कमिटचा इतिहास मात्र रिपॉझिटरीसोबतच, म्हणजे कोडच्या साठ्यासोबतच, राहतो. शुद्धलेखनाच्या दुरुस्तीला अर्थातच एक ओळ पुरते.