कॉनूरचं पिल्लू हार्नेस पाहिला की पळतं. आता सुरुवात कुठून करू?

रानजाई
माझ्याकडे ग्रीन चीक कॉनूरचं, म्हणजे एका छोट्या जातीच्या पोपटाचं, पिल्लू आहे. साडेचार महिन्यांचं, वजन ६८ ग्रॅम. हातावर येतं, खांद्यावर बसून माझे केस विंचरतं, घरभर उडतं. पंख कापलेले नाहीत, कापायचेही नाहीत. त्याला थोडं ऊन आणि मोकळी हवा मिळावी म्हणून हार्नेस (पक्ष्याच्या अंगात घालायचा, दोरी जोडलेला पट्टा) आणला आणि पहिल्याच दिवशी घोटाळा केला. एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने घाईघाईत अंगात चढवला. ते किंचाळलं, कुशीवर पडून पट्टा चावत राहिलं. दोन मिनिटांत काढला, पण तेव्हापासून हार्नेस नुसता दिसला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातं. माझा हात पाठीमागून आला तरी अंग चोरतं, आणि याचं मला जास्त वाईट वाटतंय. दहा दिवस झाले. हे सुधारता येईल का? ज्यांनी शिकवलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

जुना_पिंपळ
सुधारेल, पण हार्नेस आधी कपाटात ठेवा. सध्या बिघडलंय ते हाताचं नातं, ते दुरुस्त झाल्याशिवाय पट्ट्याचं नाव काढू नका. आठवडाभर हात फक्त समोरून न्यायचा, बी द्यायचं, मागे घ्यायचा. तो आपणहून हाताकडे झुकू लागला की पुढे.

मग हार्नेस बाहेर काढून तो जिथून निवांत पाहू शकेल इतक्या लांब ठेवा. माझ्या आफ्रिकन ग्रे पोपटाच्या बाबतीत हे अंतर सुरुवातीला जवळजवळ पूर्ण खोलीभर होतं. त्याने तिकडे बघितलं की लगेच बक्षीस. रोज थोडं जवळ. पिसं अंगाला घट्ट चिकटली, मान ताणली, अंग मागे झुकलं, तर तुम्ही घाई केलीत. तेवढं मागे सरका.

खरी गोष्ट पुढे आहे. डोक्यावरून फास आपण घालायचा नसतो, त्याने त्यात डोकं घालायचं असतं. अंगठा आणि तर्जनीचं कडं करा, पलीकडून बी धरा. ते घेण्यासाठी चोच आत येईल, मग डोळ्यांपर्यंत, मग मान. हे जमलं की बोटांऐवजी हार्नेसचा गळ्याचा फास, शक्य तितका मोठा करून. फास स्थिर धरायचा, त्याच्याकडे एक बोटभरही सरकवायचा नाही. त्याने डोकं मागे घेतलं तर घेऊ द्या. नको म्हणता येतं हे कळलेलं पिल्लू परत येतं.

वाटसरू_७
माझं मत थोडं वेगळं आहे. पिल्लू लहान आहे तोवरच रोज घालत राहावं, मोठं झाल्यावर अजिबात ऐकत नाही. माझ्या कॉकॅटिलला (तुरेवाला छोटा पोपट) मी असंच घातलं. चार-पाच दिवस झटापट केली, आता घातला की गप्प बसतो.

जुना_पिंपळ
वाटसरू, लहान वयात शिकवणं सोपं जातं हे मान्य. पण एक विचारतो, हार्नेस अंगात असताना तो बी खातो का? पिसं साफ करतो? शीळ घालतो?

वाटसरू_७
नाही, खात नाही. एका जागी बसून राहतो. मी त्याला शांतपणा समजत होतो.

जुना_पिंपळ
तो गोठलेला असतो. सुटका नाही हे कळलं की पक्षी धडपड थांबवतो, भीती तशीच राहते. सवय झालेला पक्षी हार्नेसमध्येही खातो, अंग फुलवून झटकतो, चोच घासत डुलकी काढतो. तुम्हीही पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. उशीर झालेला नाही.

निळीपिसं
मापाबद्दल लिहिते, कारण इथे चूक झाली तर जिवावर बेतू शकतं. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड खाली-वर हललं तरच हवा आत-बाहेर होते. म्हणून नाक मोकळं असलं तरी छातीवर आवळलेला पट्टा पक्ष्याला गुदमरवू शकतो. त्या पहिल्या दिवशी तुम्ही त्याला मुठीत कसं धरलं होतं, तेही आठवून पाहा. छातीभोवती मूठ कधीच आवळायची नाही. ७० ग्रॅमच्या आसपासच्या पक्ष्याला मी पट्ट्याखाली करंगळीचं टोक सहज सरकेल इतपत सैल ठेवते आणि पंख दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडतात का ते बघते. फार सैलही नको, पंख त्यातून निसटून अडकतो.

पायाला बांधायची साखळी किंवा कडं कुणी सुचवलं तर घेऊ नका. पक्षी दचकून उडाला की सगळा झटका त्या बारीक पायावर येतो आणि हाड मोडतं.

हार्नेस निवडताना एव्हिएटर नावाचा जरूर बघा. त्याला बकल नाही आणि दोरी ताणली जाणारी आहे, त्यामुळे झटका कमी बसतो. पक्ष्याच्या वजनानुसार वेगवेगळी मापं मिळतात. बकलवाले घालायला सोपे वाटतात, पण बकल लागतानाचा टक् आवाज पिल्लांना दचकवतो. तसला हार्नेस असेल तर आवाजाची सवयही वेगळी लावावी लागते.

आणखी एक. नवी पिसं फुटत असताना पंखांना हात लावू देत नसेल तर तो हट्ट नसतो. कोवळ्या खुंट्यांत रक्त असतं आणि त्या दाबल्या की दुखतं. असे दिवस आले की पंखांचा सराव थांबवा.

रानजाई
निळीपिसं ताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मूठ घट्टच होती. आता पंख उघडून बघितला, दोन खुंट्या आहेत. बक्षीस कोणतं ठेवू? सूर्यफुलाच्या बिया त्याला भांड्यात रोजच मिळतात.

निळीपिसं
मग आजपासून भांड्यातून त्या काढा. सगळ्यात लाडका खाऊ फक्त सरावाच्या वेळीच मिळायला हवा. माझ्या पक्ष्याला राळ्याचं कणीस प्रिय आहे, मी एकेक दाणा देते. उपाशी मात्र ठेवू नका. रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. घसरायला लागलं तर सराव थांबवून पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. सराव तीन-चार मिनिटांचा, दिवसातून दोनदा. त्याला अजून हवं असतानाच थांबायचं, ही सगळ्यात अवघड शिस्त.

रानजाई
सहा आठवड्यांनी लिहितेय. पहिले बारा दिवस फक्त हात. मग बोटांचं कडं, ते त्याला इतकं आवडलं की मी नुसतं बोट वाकवलं तरी डोकं घालायला येतो. हार्नेसच्या फासात पहिल्यांदा डोकं घातलं ते गेल्या सोमवारी. लगेच काढलंही, पण परत घातलं! पंख उचलू देतो, डावा सहज, उजवा कुरकुरत. काल पूर्ण हार्नेस अंगात अकरा सेकंद होता आणि तेवढ्यात त्याने दोन दाणे खाल्ले. आता बाहेर कधी नेऊ?

जुना_पिंपळ
वाचून फार आनंद झाला. बाहेरची घाई नको. घरात अर्धा तास घालून खेळतो, उडतो, दोरीच्या टोकाशी पोहोचल्यावर घाबरत नाही, इथपर्यंत येऊ द्या. दोरी आखूडच धरा, लांब दोरीवर तो वेग घेतो आणि झटका मोठा बसतो. तिचं टोक मनगटाला अडकवा. हातून सुटली तर फांदीत गुंतून तो उलटा लटकतो. पहिल्यांदा फक्त दारापर्यंत, दोन मिनिटं. चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला, पंख अंगापासून दूर धरले, तर उकडतंय, आत या. वर घारी-शिकरे फिरत असतील तर बाहेर काढूच नका. दरवेळी घालण्याआधी पट्टा बोटांनी चाचपा, चावून झिजलेला धागा डोळ्यांना पटकन दिसत नाही.

निळीपिसं
आणि काढणंही घालण्याइतकंच शिकवा. बरेच जण घालताना बक्षीस देतात आणि काढताना ओढून घेतात, मग पुढच्या वेळी पक्षी फासाजवळ येत नाही. डोकं बाहेर काढतानाही त्यालाच काढू द्या, आणि दाणा तयार ठेवा.

रानजाई
काढताना मी खरंच ओढत होते. उजव्या पंखाची कुरकुर त्यामुळेच असावी. आजपासून बदलते. वजन ७० ग्रॅम आहे.

वाटसरू_७
मीही हार्नेस कपाटात ठेवला. आज कॉकॅटिलने बोटांच्या कड्यातून दाणा घेतला.