गळती कुठून होते हे न पाहता पॅकिंग बदलायला सांगणे घातक आहे

(सोलापुरातील वाहनधारकांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचा भाग दिला आहे.)

जुळे सोलापूर

गाडीखाली ऑइलचा टिपका दिसला की टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाचे) पॅकिंग बदलावे, त्याने भागले नाही तर सांध्यावरून सिलिकॉन फिरवावे, आणि तरीही गळती चालूच राहिली तर 20डब्ल्यू-50 सारखे जाड ऑइल (शेवटचा आकडा म्हणजे ग्रेड; तो जितका मोठा तितके ऑइल दाट) भरून मोकळे व्हावे, असा सल्ला अशोक चौकातील आपल्या अण्णांनी परवा दिला. 'हे सगळे घरी होते, गॅरेजवाल्याच्या दारात पाऊल ठेवू नका,' असेही त्यांनी वर बजावले. त्या सल्ल्याला मिळालेली वाहवा पाहून मला राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. घरी काम करण्याला माझा विरोध नाही; माझ्या गाडीचे ऑइल, फिल्टर आणि पॅकिंग मी घरीच बदलतो. माझा आक्षेप निदान वगळून थेट उपचाराला हात घालण्यावर आहे.

इंजिनावर ऑइल जिथे दिसते तिथूनच ते निघालेले असते असे नाही. वरून झिरपलेले ऑइल ओघळत चेंबरपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यापर्यंत, उतरते आणि गाडी चालू असताना वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे टॅपेट कव्हरमधून निघालेले ऑइल पुष्कळदा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर जमते आणि क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे ऑइल सील गेल्याचा भास होतो. उलट, ऑइल प्रेशर स्विचमधून होणारी बारीक गळती फिल्टरच्या माथी मारली जाते. ओल्या भागातील सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधणे, हाच निदानाचा पाया आहे.

त्यासाठी इंजिन थंड असताना डिग्रीझर मारून ब्रशने घासावे आणि फडक्याने कोरडे करावे. अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडण्या आधी प्लॅस्टिकने झाकून घ्याव्यात. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा पाइप लावून इंजिन धुण्याचा प्रश्नच नाही, आणि त्याची गरजही नसते. मग संशयित सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी, विजापूर रोडला पंधरा-वीस किलोमीटरची फेरी मारून यावे आणि पावडर कुठे भिजली ते बॅटरीच्या उजेडात पाहावे. गळती फारच मंद असेल तर ऑइलमध्ये घालायचा चमकणारा रंग आणि अतिनील प्रकाशाची बॅटरी मिळते. अंधारात गळतीची वाट स्पष्ट उजळून दिसते. त्याही आधी रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवावा. एसीचे पाणी रंगहीन असते, कूलंट हिरवे किंवा गुलाबी आणि गोडसर वासाचे असते, ब्रेक ऑइल पातळ आणि फिकट पिवळे असते. यांपैकी काहीही पाहून इंजिन उघडायला बसणारी माणसे मी पाहिली आहेत.

उगम सापडला की बहुतेकदा काम स्वस्तातले निघते. ड्रेन बोल्टचा वॉशर दुसऱ्यांदा वापरलेला असतो, किंवा जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला जातो. या दुसऱ्या प्रकारात इंजिन सुरू होताच ऑइल अक्षरशः बाहेर फेकले जाते. आणि इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप किंवा त्यावरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला असेल तर क्रँककेसमधील दाब वाढून चांगली पॅकिंगेही पाझरतात. तिथे अण्णांचा सल्ला मानून कितीही पॅकिंगे बदला, गळती परत येणारच.

अशोक चौक

माझ्या लेखनातून सोयीची वाक्ये उचलून आपण उत्तर दिले आहे. माझे आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, म्हणून गेले. माग चालू असताना कोणत्या बेअरिंगमधून ऑइल येते हे शोधायला मला पावडर लागली नाही आणि पुठ्ठाही लागला नाही. यंत्राशी माझा परिचय नाही असा आपला सूर मला मान्य नाही.

गॅरेजवाल्यांविषयी मी जे लिहिले ते अनुभवातून लिहिले. माझ्या गाडीखाली टिपके दिसू लागले तेव्हा शहरातील एका गॅरेजने मागचे ऑइल सील गेले असे सांगितले, गिअरबॉक्स उतरवला, 'आता उघडलेच आहे तर' म्हणून क्लच प्लेटही बदलली आणि हजारोंचे बिल हातात दिले. महिनाभरात टिपके पुन्हा सुरू झाले. तेव्हा मी स्वतः टॅपेट कव्हर उघडले. आतले पॅकिंग लाकडासारखे कडक झाले होते. काही शे रुपयांचे नवे पॅकिंग घातले आणि त्या सांध्याची गळती थांबली. आता मला सांगा, निदान कोणी वगळले होते?

राहिला प्रश्न जाड ऑइलचा. मे महिन्यात आपल्या शहरात पारा 42-43 अंशांपर्यंत जातो. थंड मुलखासाठी सांगितलेले पातळ ऑइल येथे पाण्यासारखे होते. मी 20डब्ल्यू-50 घातले आणि उरलेसुरले पाझरणेही बंद झाले.

अक्कलकोट रोड

मी एमआयडीसीजवळ गॅरेज चालवतो. दोघांनाही आदरपूर्वक सांगतो की, एका गॅरेजने चुकीचे काम केले म्हणून शहरातील प्रत्येक मिस्त्रीला लुटारू ठरवू नका. भर उन्हात पत्र्याखाली गाडीच्या पोटाशी झोपून काम करणाऱ्या पोरांच्या मजुरीवरच लोक घासाघीस करतात, आणि घरी बिघडवलेले काम मात्र आमच्याच दारात आणून टाकतात.

अण्णा, आपल्या सिलिकॉनच्या सल्ल्याने काय होते ते मी रोज पाहतो. कंपनी सिलिकॉन कुठे लावायला सांगते? टायमिंग कव्हर (टायमिंग चेनवरचे झाकण) आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर, छोटा ठिपका, बस. लोक ट्यूब पिळून पूर्ण कडेने लावतात. बाहेर दिसते त्याहून जास्त सिलिकॉन आत दाबले जाते, त्याचे तुकडे सुटून चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. मग ऑइलचा दाब पडतो आणि बेअरिंगे जातात. मागे एक गाडी टो करून आली होती. तिच्या जाळीवर निळ्या सिलिकॉनचा थर होता, आणि क्रँकचे काम करावे लागले. मालक शेवटपर्यंत म्हणत होते की ऑइलच्या कंपनीने फसवले.

दुसरे, टॅपेट कव्हरचे बोल्ट बहुधा सहा मिलिमीटरचे असतात आणि ते साधारण 10 न्यूटन-मीटरवर, आडव्या-तिडव्या क्रमाने आवळायचे असतात. गळते म्हणून आणखी आवळा, हा विचार केला की कव्हर वाकते किंवा ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात. टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) नसेल तर हे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि तिसरी गोष्ट जिवाची आहे. डिकीतला जॅक फक्त टायर बदलण्यासाठी असतो. त्या एकट्या जॅकवर गाडी उचलून कोणीही खाली शिरू नये. सपाट, पक्क्या जागेवर जॅक स्टँड लावून आणि मागच्या चाकांना दगड लावूनच खाली जावे. जुळे सोलापूरच्या साहेबांनी एवढे लांबलचक लिहिले, त्यात हे एक वाक्य नव्हते, याचे मला वाईट वाटले.

जुळे सोलापूर

जॅक स्टँडचा मुद्दा बिनशर्त मान्य आहे. टॉर्क पान्याचाही मान्य आहे.

अण्णा, आपल्या गॅरेजची गोष्ट माझाच मुद्दा सिद्ध करते. त्यांनी वर पाहिले असते तर गिअरबॉक्स उतरवावा लागला नसता. परंतु आपल्या गाडीत दोष टॅपेट कव्हरमध्ये होता म्हणून प्रत्येकाच्या गाडीत तो तिथेच असेल, हा निष्कर्ष कसा निघतो?

जाड ऑइलविषयी मात्र मी गप्प बसू शकत नाही. बाहेर 43 अंश असले तरी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट ठरवतो. तो साधारण 82 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडतो आणि ऑइल त्याच्या आसपास किंवा थोडे वर राहते, मग गाडी महाबळेश्वरात असो की सोलापुरात. 100 अंशांवर 30 ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा 9.3 ते 12.5 सेंटीस्टोक्स असतो आणि 50 ग्रेडचा 16.3 ते 21.9. म्हणजे आपण जवळपास पावणेदोनपट दाट ऑइल अशा इंजिनात घालत आहात, ज्याच्या वाहिन्या आणि बेअरिंगमधील फटी पातळ ऑइल गृहीत धरून आखलेल्या आहेत. एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 या प्रदूषण-मानकाच्या पुष्कळ गाड्यांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. तिथे हा प्रयोग महागात पडेल.

अशोक चौक

माझी गाडी बीएस-6 नाही. ती पंधरा वर्षांची आहे आणि तिच्या पुस्तिकेत बाहेरच्या तापमानाप्रमाणे ऑइलचा तक्ता छापलेला आहे. उष्ण प्रदेशासाठी त्यात 20डब्ल्यू-50 स्पष्ट लिहिले आहे. तो तक्ता कंपनीने छापला, मी नाही. पुस्तक न उघडता मला पुस्तकी ज्ञान सांगू नये.

अक्कलकोट रोड

अण्णांचे हे म्हणणे खरे आहे. जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत असे तक्ते असतात आणि त्या इंजिनांना 50 ग्रेड चालते. पण हे वाक्य आपल्या मूळ सल्ल्यात नव्हते. आपण सर्वांना सांगितले आणि काल एक मुलगा नवी हॅचबॅक घेऊन '20डब्ल्यू-50 घाला' म्हणत माझ्याकडे आला. मी नकार दिला. तो दुसरीकडे गेला असेल.

शिवाय जाड ऑइलने गळती बंद होत नाही, तिचा वेग कमी होतो. कडक झालेले रबर कडकच राहते. गळती थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात त्यांतले द्रव्य रबर फुगवते, म्हणून काही महिने बरे वाटते. फाटलेल्या पॅकिंगवर त्यांचा उपयोग नाही.

होटगी रोड

इतका वेळ सर्व चर्चा चारचाकीचीच चालली आहे. आपल्या शहरात बहुसंख्य घरांत दुचाकी आहे, आणि दुचाकीत एकूण ऑइलच एक लिटरच्या आसपास असते. गाडीतून पाव लिटर गेले तर चालून जाते. स्कूटरमधून गेले तर ती उरलेल्या ऑइलवर धोक्यात चालते. माझ्या स्कूटरला ड्रेन बोल्टपाशी गळती होती. एका कारागिराने जोर लावून बोल्ट आवळला, आटे गेले, आणि पुढच्या माणसाने त्यावर एम-सील थापून दिले. शेवटी आटे नव्याने पाडून आत तारेची स्प्रिंग बसवावी लागली, तेव्हा ती कोरडी झाली. काका, तुमच्या जाड ऑइलने त्या भोकाचे काय झाले असते?

मोटारसायकलवाल्यांसाठी आणखी एक सांगते. त्यांचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यामुळे डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए2 (अशा क्लचसाठीचे जपानी मानक) लिहिलेले ऑइलच घालावे. चारचाकीचे ऑइल किंवा कोणतीही गळतीरोधक बाटली ओतली तर क्लच घसरू शकतो.

जुळे सोलापूर

ताईंचे म्हणणे योग्य आहे. हवेवर थंड होणाऱ्या दुचाकीला थर्मोस्टॅटचा आधार नसतो, त्यामुळे तिथे उन्हाळ्याचा परिणाम खरोखरच होतो. अण्णांच्या बाजूने एवढे मी मान्य करतो. तरीही ग्रेड पुस्तिकेतलीच असावी.

अशोक चौक

'एवढे मान्य करतो' ही भाषा मला नको आहे. मी जे पाहिले ते सांगितले. काढलेल्या ऑइलचे काय करता, याविषयी मात्र घरी काम करणाऱ्या आपण एक शब्द लिहिला नाही. आमच्या गल्लीत लोक ते गटारात ओततात आणि त्याच गटाराच्या पाण्याविषयी महापालिकेला दोष देतात. मी ते कॅनमध्ये भरून ठेवतो.

जुळे सोलापूर

मीही कॅनमध्येच भरतो. वापरलेले ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. पण तुमचा कॅन पुढे कुठे जातो? सेंट्रिंगवाले ते फळ्यांना लावायला मागतात आणि वाळवीसाठी दारांना फासायला शेजारीही मागतात. दोन्हीकडून ते मातीतच जाते. मी ते ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात टाकतो, कारण तिथून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाण्याची निदान शक्यता तरी असते.

अक्कलकोट रोड

माझ्याकडे आणून द्या, मी पैसे घेत नाही. फक्त त्यात कूलंट किंवा रॉकेल मिसळू नका, मिसळलेले ऑइल उचलणारे घेत नाहीत.

आता मूळ विषयाचे सांगतो आणि थांबतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहणे, पुठ्ठा, पावडर, ड्रेन वॉशर, फिल्टरची रिंग, ब्रीदर पाइप, आणि हात बसला असेल तर टॅपेट कव्हर, एवढे घरी करावे. टॅपेट कव्हर उघडलेच तर स्पार्क प्लगच्या विहिरींभोवतीच्या रिंगाही बदलाव्यात, नाहीतर ऑइल प्लगवर उतरून इंजिन मिस करते. चेंबर, टायमिंग कव्हर आणि क्रँकची सीले घरी करू नयेत. ऑइल सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडून जळका वास येत असेल तर गाडी चालवत आणू नका, मला फोन करा. त्याने आग लागू शकते. ऑइलचा लाल दिवा चालताना लागला तर त्या क्षणी इंजिन बंद करा. तो दिवा पातळीचा नसून दाबाचा आहे, 'घरापर्यंत जाऊ' म्हणायला वेळ नसतो.

अशोक चौक

ब्रीदर पाइप मी पाहिला नव्हता. रविवारी काढून पाहीन, पावडरही लावून पाहीन. सिलिकॉनविषयीचे वाक्य मी माझ्या लेखनातून काढत आहे आणि जाड ऑइलपुढे 'पुस्तिकेत असल्यास' हे शब्द घालत आहे. गॅरेजवाल्यांविषयीचे वाक्य तसेच राहील. ज्या गॅरेजने माझा गिअरबॉक्स विनाकारण उतरवला, त्याने ते पैसे परत केले की मग पाहू.