यंदा तरी टेन्ट नीट बघून घ्या

ए-३०२: नमस्कार. मुलांच्या ट्रेकसाठी नवे टेन्ट घ्यायचे ठरले का, की यंदाही तेच? मागच्या वेळी माझी लेक ओल्या स्लीपिंग बॅगेत पहाटेपर्यंत नुसती बसून होती. तेव्हा मी ग्रुपवर एक अक्षर बोलले नाही. आज बोलते आहे.

ए-३०२: ते फेकले की उघडणारे टेन्ट परत न्यायचे असतील तर मी तिला पाठवणार नाही.

सी-१०४: ताई, नवेच घेतोय. डी-२०२ च्या ताई आणि मी दोन दिवस तेच बघतोय.

बी-५०१: कोणतेही घ्या, पण आधी गच्चीवर उभे करा आणि वरून पाणी मारा. मागच्या वेळीही मी हेच सांगितलं होतं.

ए-१०१: एक सुचवू का? आठ-आठ जणांचे दोनच मोठे टेन्ट घ्या. एकात मुली, एकात मुलगे. लक्ष ठेवायला सोपं आणि वर्गणीही कमी लागेल.

सी-१०४: काका, मोठा टेन्ट दहा-बारा किलोच्या घरात जातो. गाडीने जाऊन मुक्काम करायचा असता तर चाललं असतं. इथे मुलं सगळं पाठीवर नेणार आहेत. शिवाय एवढी सपाट जागा डोंगरात मिळतेच असं नाही. लहान टेन्ट जिथे जागा सापडेल तिथे बसतात.

ए-१०१: वाटून घ्यायचं वजन. आम्ही नाही का वाटून घ्यायचो?

डी-२०२: काका, कापड एक, ते कोणीतरी एकच उचलणार. आणि वाऱ्यात त्याचा एक पोल मोडला तर सगळ्याच मुली उघड्यावर.

बी-३०३: दोन्हीकडे घोरणाऱ्यांसाठी वेगळा टेन्ट ठेवा 😄

ए-१०१: चेष्टा नंतर. मी सूचना दिली, घ्यायची नसेल तर नका घेऊ. पैसे मागताना मात्र आमची आठवण येते.

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला. तसंच, बी विंगच्या गेटसमोर कोणाची पांढरी गाडी आहे? टँकर आत येत नाही.

बी-५०१: गच्चीवर उभे करून पाणी मारा.

ए-३०२: माझ्या लेकीचं वजन ३८ किलो आहे. तिच्या पाठीवर किती देणार, ते आधी सांगा.

सी-१०४: ताई, सॅक शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नको, असा साधारण अंदाज धरतात. म्हणजे तिच्यासाठी साडेसात किलोच्या आसपास, पाणी धरून. मग टेन्टच्या वाट्याला एक किलो, फार तर सव्वा. तीन जणांचा चांगला टेन्ट अडीच ते तीन किलोचा मिळतो. एकीकडे पोल आणि खुंट्या, दुसरीकडे आऊटर म्हणजे वरचं पावसाचं कापड, तिसरीकडे इनर म्हणजे आतला झोपायचा भाग. प्रत्येकीला किलोच्या आतबाहेर.

ए-३०२: हे मागच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं. त्या टेन्टची घडी केली की होणारी ती गोल चकती सॅकच्या बाहेर बांधलेली, प्रत्येक झुडपात अडकत होती म्हणे.

सी-१०४: हो ताई. ते टेन्ट घाईत घेतले आणि ते मीच घेतले. चूक माझी होती.

डी-२०२: आता गणित बघा. मुली ७, मुलगे ५. मुली ३+२+२, मुलगे ३+२. मुलांचे पाच टेन्ट. मी माझ्या वेगळ्या टेन्टमध्ये, सी-१०४ चे दादा त्यांच्या. कोणी मोठं माणूस मुलांच्या टेन्टमध्ये झोपणार नाही, कोणतंही मूल एकटं झोपणार नाही. यात बदल होणार नाही.

ए-४०४: मग तीन जणांचे दोन आणि दोन जणांचे तीन घ्या ना. वजन वाचेल.

डी-२०२: तेच आधी लिहिलं होतं. मग बदललं. पाचही एकाच मॉडेलचे, तीन जणांचे घेऊ या. एकाचा पोल मोडला, खुंटी हरवली तर दुसऱ्याची चालते. मुलांनी एकदा लावायला शिकलं की कोणताही लावता येतो. आणि रात्री कोणाला बरं वाटेनासं झालं तर दोघींच्या टेन्टमध्ये तिसरीला जागा निघते.

ए-४०४: वजनाचं काय?

डी-२०२: दोघांच्या टेन्टपेक्षा प्रत्येकी अर्धा किलो जास्त धरा. असे तीन टेन्ट, म्हणजे दीड किलो. ते वाहणारे सहा जण. माणशी पाव किलो. सगळ्यांत हलक्या मुली तिघींच्या टेन्टमध्ये घालू, म्हणजे तो पाव किलोही त्यांच्यावर येणार नाही.

ए-४०४: बरं. हे पटलं.

ए-१०१: तीन जणांचा म्हणतात त्यात तीन जण मावत नाहीत, हे माहीत आहे ना?

सी-१०४: काका, हे बरोबर बोललात. मॅट साधारण ५० सेंटीमीटर रुंद असते. तीन मॅटचे १५० झाले. तळ १८० रुंद असेल तर ३० उरतात, त्यात सॅक मावत नाहीत. म्हणून आऊटरच्या पुढ्यात सॅक ठेवायला जागा हवीच. आणि तळाची लांबी मापून घ्यायची, लेबलवर विसंबायचं नाही. भिंती उतरत्या असतात. उंच मुलाचं डोकं आणि पाय दोन्हीकडे कापडाला लागले की स्लीपिंग बॅग भिजलीच.

बी-३०३: तो उंच मुलगा माझाच आहे. धन्यवाद.

ए-४०४: त्या पुढच्या जागेत पाऊस आला तर गॅस पेटवता येईल ना? मुलांना काहीतरी गरम मिळेल.

सी-१०४: नाही.

डी-२०२: नाही ताई, अजिबात नाही. ते कापड क्षणात पेट घेतं. आणि बंद जागेत शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्याला कळतसुद्धा नाही. पाऊस कितीही असो, शेगडी बाहेर. मेणबत्तीही आत नाही.

ए-४०४: माहीत नव्हतं हो. बरं झालं विचारलं.

बी-५०१: कृपया लक्ष द्या. गच्चीवर उभे करून पाणी मारा.

सेक्रेटरी: काका, वाचलं आम्ही. त्या प्रकारानंतर गच्चीला कुलूप आहे आणि कमिटीच्या ठरावाशिवाय किल्ली देता येत नाही, हे आपणही जाणता.

बी-५०१: तो प्रकार मुलांनी केला नव्हता.

सेक्रेटरी: मी कोणाचं नाव घेतलं नाही.

ए-१०१: नाव घ्यायची गरज नाही, सगळ्यांना कळतं.

सी-१०४: काका, प्लीज. ते इथे नको.

ए-३०२: मला एवढंच कळायला हवं की नवा टेन्ट गळणार नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा.

बी-३०३: काकू, मी बोलतोय, बाबांचा फोन घेतलाय. मागच्या वेळी मी शेजारच्याच टेन्टमध्ये होतो. बाहेर पाऊस नव्हताच. छतावर आतून थेंब होते. आम्ही थंडी म्हणून सगळ्या चेन लावल्या होत्या. हात लागला की थेंब अंगावर पडायचे.

ए-३०२: म्हणजे गळलाच ना?

सी-१०४: नाही ताई, हाच तर फरक आहे. आपल्या श्वासात पाणी असतं. ते टेन्ट एकाच कापडाचे होते. बाहेर थंडी, आत तिघांचा श्वास, त्यामुळे कापडाला आतून घाम सुटला. आता घेतोय ते दोन थरांचे. आत जाळीचा इनर, त्यावर आऊटर, मध्ये हवा. घाम आऊटरला आतल्या बाजूने सुटतो आणि इनरच्या बाहेरून ओघळून जातो. तरीही हवेची खिडकी उघडीच ठेवायची, कितीही थंडी असली तरी. ते मुलांना शिकवावं लागेल.

ए-३०२: मी वर्षभर समजत होते की तुम्ही फाटका टेन्ट दिलात.

सी-१०४: तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं ताई. पण मीही येऊन चौकशी करायला हवी होती. ती केली नाही.

ए-१०१: मग जुने विकून टाका, तेवढीच वर्गणी कमी.

डी-२०२: काका, जुने पंपरूममध्ये ओलेच गुंडाळून ठेवले होते. काल उघडले. बुरशी धरली आहे, आतला थर चिकट होऊन सुटतोय. [फोटो]

ए-१०१: पंपरूमची किल्ली कोणाकडे असते?

सेक्रेटरी: माझ्याकडे. मला कोणी सांगितलं नाही की ते ओले आहेत.

सी-१०४: मी सांगायला हवं होतं. यंदा परत आल्यावर वाळल्याशिवाय कुठेच ठेवायचे नाहीत. पण त्यासाठीही गच्ची लागेल, सर.

बी-५०१: गच्चीवर उभे करून पाणी मारा.

ए-३०२: सेक्रेटरी साहेब, विनंती करते. एक सकाळ किल्ली द्या. मी स्वतः वर थांबते. काही झालं तर जबाबदारी माझी.

ए-४०४: मीही थांबते.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी ७ ते १०. किल्ली वॉचमनकडे ठेवतो. पाणी जपून वापरा. आणि ती पांढरी गाडी अजून तिथेच आहे.

बी-३०३: माझी होती. काढली. क्षमस्व.

सी-१०४: आभारी आहे सर. एक नमुना टेन्ट मिळालाय, घुमटाचा, ॲल्युमिनियमचे पोल. फायबरचे स्वस्त असतात, पण चिरले की त्यांच्या कुसळ्या हातात जातात. हा खुंट्या न ठोकताही उभा राहतो, म्हणजे खडकाळ जागेत दोऱ्या दगडांना बांधता येतील. चाचणीही तशीच होईल, गच्चीवर खुंट्या कुठे ठोकणार?

डी-२०२: मुलंच लावतील. आपण हात लावायचा नाही. एकदा उजेडात, एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून, कारण तिथे पोचायला अंधार झाला तर तसंच लावावं लागेल. आधी पावसाची सवय म्हणून आऊटर झटकन कसा घालायचा ते.

बी-५०१: आणि पाणी मी मारणार. शिलाईवर नीट दहा मिनिटं, फक्त वरून नाही, बाजूनेही. आत एक कोरा कागद ठेवा, थेंब पडला की दिसेल.

सी-१०४: नक्की काका. पाईप तुमच्याच हातात.

ए-१०१: माझ्याकडे वजनकाटा आहे, बॅगा लटकवून तोलायचा. आणतो. लेबलवर लिहिलेलं वजन आणि खरं वजन यात फरक असतो.

ए-३०२: माझी लेक विचारते आहे, तीही आली तर चालेल का? आऊटर तिला उचलून बघायचाय.

डी-२०२: तिलाच बोलवायचं होतं. सॅक भरून आण म्हणावं, पाण्याच्या बाटल्यांसकट.