बी१ असताना बी२, बी३ कशाला?

दोनदा विचारलं गेलंय की, एसडीएच (फायबरवरून डेटा ठरावीक आकाराच्या चौकटींत, म्हणजे फ्रेममध्ये, पाठवायची पद्धत) फ्रेममध्ये चुका पकडणारा बी१ हा बाइट असताना बी२ आणि बी३ कशाला हवेत. तिघांचा हिशोब पॅरिटीचाच (१ असलेले बिट सम की विषम), पण हद्द वेगळी. बी१ प्रत्येक रीजनरेटरपाशी (वाटेत सिग्नल ताजा करणारं उपकरण) तपासून नव्याने काढला जातो. बी२ रीजनरेटरमधून जसाच्या तसा पुढे जातो आणि मल्टिप्लेक्सरपाशी (अनेक प्रवाह एकत्र किंवा वेगळे करणारं उपकरण) तपासला जातो. बी३ थेट पाथच्या, म्हणजे डेटा भरला तिथपासून काढला तिथपर्यंतच्या वाटेच्या, दोन टोकांमधला. त्यामुळे सगळे बी१, बी२ स्वच्छ आणि बी३ मात्र चुका दाखवतोय, तर फायबर सोडा, मधल्या एखाद्या उपकरणाच्या पोटात बघा.

मला त्यातली खरी हुशारी वाटते ती वेळेची. बी१ स्क्रॅम्बल झालेल्या (ठरलेल्या नियमाने बिट विस्कटलेल्या) अख्ख्या फ्रेमवर काढतात आणि पुढच्या फ्रेममध्ये ठेवतात. म्हणजे एसटीएम-१ या मूळ एसडीएच फ्रेमचे २४३० बाइट अडवून धरायची गरज नाही, डेटा वाहता राहतो आणि हिशोब मागाहून येतो.

फ्रेमची सुरुवात ओळखायला ए१ आणि ए२ हे बाइट असतात, त्यांची ठरलेली मूल्यं एफ६ आणि २८ (हेक्समध्ये). "पेलोडमध्येच (वाहून न्यायच्या डेटातच) एफ६, २८ आले तर?" ही शंका रास्त आहे. येऊ शकतात की! एसटीएम-१ मध्ये ए१ तीनदा, ए२ तीनदा असतो, आणि तोच नमुना बरोबर १२५ मायक्रोसेकंदांनी त्याच जागी पुन्हा दिसला तरच रिसीव्हर विश्वास ठेवतो. योगायोग सहसा वक्तशीर नसतो. हा नमुना रिसीव्हरला थेट ओळखता यावा म्हणून तर हे बाइट स्क्रॅम्बल करत नाहीत.

एक उणीव मात्र आहेच: एकाच पॅरिटी बिटाच्या हिशोबातले दोन बिट उलटले की पॅरिटी जुळते आणि चूक निसटते.