प्रति: अहवाल बंद करून परीक्षाच ठेवा

'अहवाल सगळे उतरवलेलेच असतात, त्यापेक्षा तीन तासांची लेखी परीक्षा बरी' हे वरचं मत अर्धंच पटलं. मोजमापात चूक कुठे शिरली, निष्कर्ष आकड्यांना धरून आहे का, हे अहवालातच दिसतं. म्हणून प्रयोगाचा अहवाल हातात आला की मी आधी 'चर्चा' हा भाग वाचतो. प्रस्तावना कुठूनही उचलता येते. स्वतःच्याच विचित्र आकड्यांचं स्पष्टीकरण कुठून उचलणार?

साम्य शोधणारं सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर दाखवतं. ती चोरी की रीतसर अवतरण, हे माणसालाच ठरवावं लागतं. त्यापेक्षा कच्चा मसुदा मागवा, शेरे द्या, शेवटी पाच मिनिटं तोंडी घ्या. आणि गुणांचे निकष विषय देतानाच सांगा, नाहीतर मुलं नुसती पानं वाढवत बसतात (आणि आपण ती वाचत!).