रोज एक वेळचं जेवण हा जगातल्या प्रत्येकाचा हक्क करता येईल काय?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. भाच्याचा अभ्यास घेताना वाचलं की १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, २५ व्या कलमात, अन्न आहेच. १९६६ च्या आर्थिक, सामाजिक, सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात तर उपाशी न राहणं हा मूलभूत हक्क म्हटलाय आणि भारतानं तो १९७९ ला मान्य केलाय. मग २०२४ सालात जगात ६७ कोटी लोकांना पोटभर मिळत नव्हतं ते कसं? आमच्या गावाबाहेर ऊसतोडीची टोळी उतरलीय, परवा सकाळी बघितलं तर कोपीपुढं, म्हणजे त्यांच्या झोपडीपुढं, एक सात-आठ वर्षांची पोरगी पातेल्याला लागलेला करपा भात पाणी घालून खरवडत होती, आईबाप पहाटेच फडात गेलेले, धाकटा भाऊ मांडीवर. तेव्हापासून डोक्यातनं जाईना झालंय. किलोवर धान्य देण्यापेक्षा रोज एक ताट शिजलेलं जेवण, कुणीही यावं बसावं, कार्ड बिर्ड काही नको, असं जगभर का होऊ नये?

निपाणीची लेक:
कार्ड नको हे एकदम बरोबर बोललात. आमच्या आजीनं चाळीस वर्षं विड्या वळल्या, अंगठ्याच्या रेषाच झिजून गेल्यात, रेशनच्या मशीनवर थंब लागत नाही. ओल्या फडक्यानं पुसून बघायचं, दुसरं बोट लावायचं, मग सर्व्हर डाऊन, "आजी उद्या या". गेल्या महिन्यात तीन खेपा झाल्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात लिहिलंय की धान्य दिलं नाही तर सरकारनं भत्ता द्यायचा, तक्रार ऐकायला जिल्ह्यात अधिकारी नेमायचा. हे आजीला आजवर कुणी सांगितलेलं नाही. नाही मिळालं तर कुणाला विचारायचं हेच माहीत नसेल तर त्याला हक्क कसा म्हणायचा?

येळ्ळूरचा शेतकरी:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. ८० कोटी लोकांना महिन्याला ५ किलो धान्य द्यायला केंद्राचे वर्षाला २ लाख कोटींच्या आसपास जातात, त्यात अख्ख्या जगाला शिजवून घालायचं म्हणजे पैसा कुणी द्यायचा? आणि फुकट खाऊन माणूस आळशी होतोय, इकडं शेतात भांगलायला माणूस मिळंना. पोराबाळांच्या ताटाला माझा अजिबात विरोध नाही, पण भात आमच्याकडनं हमीभावानं, इथल्या इथं घ्या की, नाहीतर पिकवणाराच उपाशी राहायचा.

बिसीऊटवाल्या काकू:
दादा, दराचं तुमचं पटलं. पण खाऊन माणूस आळशी होतोय हे मी मानत नाही, चौदा वर्षं शाळेत पोरांचं बिसीऊट, म्हणजे दुपारचं गरम जेवण, शिजवतेय. सोमवारी तांदूळ मापापेक्षा जास्त लागतोय, कारण रविवारी घरात धड चूल पेटलेली नसते, पोरं पहिली वाढ न बोलता संपवतात आणि दुसऱ्या वाढीला कुठं आवाज फुटतो. अंड्याच्या दिवशी एकजण अर्धं अंडं खिशात घालून बहिणीला न्यायचा, मी बघून न बघितल्यासारखं करायची. पूर्वी शाळेतनं घरी कोरडं धान्य द्यायचे. सुप्रीम कोर्टानं २८ नोव्हेंबर २००१ ला सांगितलं की शिजवूनच द्या, किमान २०० दिवस, तेव्हा कुठं हे ताट आलं. म्हणजे करायचं ठरवलं की होतंय.

शहापूरचा वाचक:
काकूंच्या बोलण्यात भर घालतो. २०१३ च्या कायद्यात शिजवलेलं जेवण आहे ते १४ वर्षांपर्यंतच्या पोरांना आणि गरोदर, बाळंत बायकांना. २०११ च्या मसुद्यात निराधार, बेघर लोकांनाही जेवण होतं, ते कायदा होताना गळलं. मला वाटतं भांडायला पाहिजे ते याच्यासाठी. ब्राझीलनं २०१० मध्ये अन्नाचा हक्क राज्यघटनेत घातला, आपल्या घटनेत तो सरळ शब्दांत नाही, कोर्टानं तो जगण्याच्या हक्कातच धरलाय. कर्नाटक सरकारच्या इंदिरा कँटीनमध्ये १० रुपयांत जेवण मिळतंय तेही कार्ड न बघता, पण तालुक्याच्या गावाबाहेर कोपीत राहणारा तिथवर जाणार कसा?

बिसीऊटवाल्या काकू:
खानापूरकर, ती पोरगी सात-आठ वर्षांची म्हणालात ना? मग शाळेत का नाही? दाखला नसला तरी घ्यावंच लागतंय, तसा कायदा आहे. धाकट्याला अंगणवाडीत बसवा.

खानापूरकर:
काकू, हे मला सुचलंच नव्हतं. मुकादमाशी बोलून आलो, टोळी विजापूरकडची आहे, पोरगी कन्नड बोलते आणि जवळची शाळा मराठी. कन्नड शाळा दीड किलोमीटरवर आहे, उद्या गाडीवर दोघांना घेऊन जातो.

बिसीऊटवाल्या काकू:
साडेनवाच्या आत पोचा, म्हणजे तिचं नाव उद्याच्या मापात धरतील. ताट घरनं आणू नका, शाळेत असतात.